‘बनगरवाडी’नंतर काय वाचावे?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मागावर काम करणाऱ्या एका वाचकाला ‘बनगरवाडी’तला कारभारी फार आवडला. पुढे काय वाचावे, असे ते विचारतात.

उत्तर : व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. तशीच हाडामांसाची माणसे त्यांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये भेटतात. व्यक्तिचित्रे सुटी आहेत, पाळी संपल्यावर एकेक वाचावे.

मग उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०). दारिद्र्याशी झुंजणारी कौतिक ही मराठीतल्या मोजक्या अस्सल नायिकांपैकी एक. वऱ्हाडी बोली सुरुवातीला अडवते. नेट लावला की कान सरावतो.

शरणकुमार लिंबाळे यांचे आत्मकथन ‘अक्करमाशी’ (१९८४) मात्र दमाने घ्यावे. त्यातले हन्नूर अक्कलकोट तालुक्यातलेच, पण तिथली भूक आणि जातीचे चटके सोसत वाचणे सोपे नाही.