करार

'करार' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत मनाला करार येणे म्हणजे मन शांत होणे. ज्याला चैन पडत नाही, तो बेकरार. 'कौल-ओ-करार' असेही तुम्ही वाचले असेल. मराठीत त्यातला दुसरा अर्थच राहिला. दोघांनी ठरवून, कागदावर लिहून, सही करून मान्य केलेली गोष्ट म्हणजे करार. या पाठात दोन्ही अर्थांचे काम पडणार आहे.

समजा, तुमच्या आपाचे लग्न झाले आहे. (कोणाला आपा नसेलही, या पाठापुरती आहे असे समजा.) तुमचे घर मंगरुळपीरला, तिचे सासर कारंज्याला. दुल्हाभाई आय.टी.आय. झालेले आहेत. त्यांना मुंबईत कुर्ल्याला एसी दुरुस्त करणाऱ्या दुकानात नोकरी लागली आहे. लग्नाला दोन महिने झाले आणि दोघे मुंबईला निघाले. अब्बांनी सोयाबीन विकून आलेल्या पैशांतले पन्नास हजार रुपये आपाच्या हाती दिले आणि म्हणाले, "घराच्या अनामतीसाठी ठेव."

कारंज्याहून मुंबईला जायचे तर आधी मूर्तिजापूर गाठावे लागते. एकेकाळी या मार्गावर 'शकुंतला' नावाची छोटी गाडी धावत असे. ती आता बंद आहे. मूर्तिजापूरला संध्याकाळी मुंबईची गाडी पकडली की पहाटे कसारा घाट उतरून ती कल्याणला येते. तेथून लोकल. लोकल म्हणजे मुंबईची नाडीच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी या देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली, ती याच मार्गावर.

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील सहा तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. त्याच जनगणनेत एकट्या मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे एक कोटी चोवीस लाख माणसे मोजली गेली. म्हणजे कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा आणि वाशिम हे सगळे तालुके एकत्र करून त्याची दहापट करा. इतक्या माणसांत आपा उतरली, तेव्हा तिला ओळखणारे एकच घर होते. ते दुल्हाभाईंच्या चाचांचे, मुंब्र्याला.

येथे माझी एक फजिती सांगतो. मी पहिल्यांदा मुंब्र्याला निघालो, तेव्हा कल्याणला समोर आलेल्या लोकलमध्ये चढलो. गाडी जोरात धावू लागली. मला आनंद झाला. मुंब्रा आले, डोळ्यांसमोरून गेले, आणि मी थेट ठाण्याला उतरलो. ती जलद लोकल होती; मुंब्र्याला थांबते ती धीमी. फलकावर मराठीत स्पष्ट लिहिलेले होते. मी फलक पाहिलाच नव्हता.

चाचांच्या घरी एकच खोली आणि माणसे सहा. आपा-दुल्हाभाई आल्यावर आठ झाली. पाणी पहाटे तासभर येई. चाची पिंपे भरून घेत आणि तोंडाने काही बोलत नसत; पण आपाला कळत होते. तिला स्वयंपाकघरात कोणत्या डब्यात काय आहे हे विचारायलाही संकोच वाटे. दुल्हाभाई सकाळी आठच्या लोकलने जात. कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, मग कुर्ला. रात्री परत येत, तेव्हा बोलायलाही त्राण नसे. माहेरी दिवसभर बोलणारी मुलगी येथे संध्याकाळपर्यंत चार वाक्येही बोलत नसे. गर्दीत एकटे वाटणे काय असते, ते तिला पहिल्या पंधरा दिवसांत समजले.

तेवढ्यात एका दलालाने खोली दाखवली. तिसरा मजला, खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, नळ घरात. भाडे महिना नऊ हजार आणि अनामत पन्नास हजार. दुल्हाभाईंना खोली फार आवडली. आपाला तर स्वयंपाकाचा ओटा पाहूनच हायसे वाटले. दलालाने कराराचा कागद पुढे केला. "नेहमीचाच आहे. येथे सही करा," तो म्हणाला.

आता येथे जरा थांबा. 'सही' म्हणजे उर्दूत बरोबर, दुरुस्त. मराठीत सही म्हणजे आपल्या हाताने लिहिलेले आपले नाव. पण मूळ अर्थ अगदीच सुटलेला नाही; सही करणारा माणूस म्हणत असतो, की वर लिहिले आहे ते बरोबर आहे. मग वर काय लिहिले आहे ते वाचायला नको का?

आपाने कागद हातात घेतला. तुमच्यासारखेच तिनेही शाळेत मराठी दुसरी भाषा म्हणून घेतले होते. तिला सगळे शब्द आले असे नाही. 'अनुज्ञप्ती' हा शब्द तिने तीनदा वाचला. (त्याचा अर्थ परवानगी. ज्याला सगळे 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात, तो हाच करार. मालक आपली जागा ठरावीक दिवस वापरायची परवानगी देतो.) पण बाकीचे शब्द तिच्या घरचेच निघाले. मालक, मुदत, मजकूर, तारीख, रक्कम, अनामत. उर्दूत मुद्दत म्हणजे पुष्कळ काळ. मराठीत मुदत म्हणजे ठरलेला काळ, येथे अकरा महिने. उर्दूत मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला तो. मराठीत मजकूर म्हणजे लिहिलेले सगळेच. आणि अनामत? ती तर आपली अमानतच. दुसऱ्याची वस्तू सांभाळून ठेवायची आणि मागेल तेव्हा परत द्यायची.

त्या शब्दापुढे लिहिले होते : 'रुपये पंचवीस हजार फक्त'.

"यात अर्धीच रक्कम आहे," आपा म्हणाली.

"बाकीचे विश्वासावर असते, ताई. सगळे असेच करतात," दलाल हसून म्हणाला.

"अनामत आहे, तर ती कागदावर पूर्ण का नको? आणि याची नोंदणी कधी होणार?"

दलालाने कागद घडी करून खिशात ठेवला. "तुम्हांला खोली नको असेल तर दुसरे चार जण उभे आहेत." आणि खोली गेली.

त्या रात्री दुल्हाभाई रागावले. ते वाईट नव्हते, थकलेले होते. "एवढे वाचायची काय गरज होती? अजून किती दिवस चाचांच्या घरी राहायचे?" ते म्हणाले. आपाने उत्तर दिले नाही. दोन दिवस दोघे एकमेकांशी नीट बोलले नाहीत. आपण बरोबर केले की नाही, हे तिलाही कळेना. तुम्ही तेथे असता तर काय म्हणाला असता? झटकन उत्तर देऊ नका. आठ माणसांच्या एका खोलीत झोपून पाहा, मग सांगा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे कलम ५५ असे, की जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देताना करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झालेली हवी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असे काही लोक सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती केली नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय लेखी नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. मालकाने ते खोटे ठरवले तर गोष्ट वेगळी. कायदा असा भाडेकरूच्या बाजूने उभा आहे. पण पंचवीस हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? म्हणून कागद आधी वाचलेला बरा.

बावीस दिवसांनी दुसरी खोली मिळाली. पहिलीपेक्षा लहान, खिडकीतून डोंगर नाही, शेजारची भिंत दिसते. मालक एक निवृत्त मास्तर. त्यांनी स्वतःच कागद आपापुढे ठेवला आणि म्हणाले, "वाच बेटी, आधी वाच." अनामत पन्नास हजार, अंकांत आणि अक्षरांत. आपाने सगळे वाचले आणि एकच गोष्ट मागितली. करारात दुल्हाभाईंच्या नावाखाली तिचेही नाव हवे. दुल्हाभाईंनी तिच्याकडे पाहिले. "कशाला? मी आहे ना," ते म्हणाले.

"तुमच्या दुकानात तुमचे नाव आहे. माझे या शहरात कोठेच नाही," आपा म्हणाली.

मास्तरांनी नाव घालून घेतले. नोंदणीसाठी कचेरीत जावे लागले नाही. एक मुलगा संगणक आणि अंगठ्याचे छोटे यंत्र घेऊन घरी आला. आधार क्रमांक दिला, यंत्रावर अंगठा ठेवला, छायाचित्र काढले. दोन साक्षीदारांचेही तसेच झाले. त्यांतले एक चाचा होते. थोड्या दिवसांनी नोंदणीचा क्रमांक असलेला कागद आला. तो आपाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून निकाहनाम्याशेजारी ठेवला.

त्या कागदाने पुढे बरीच कामे केली. बँकेत तिचे खाते उघडताना पत्त्याचा पुरावा म्हणून तोच दाखवला. गॅसची जोडणी तोच दाखवून मिळाली. मग आपा शिवणकाम शिकवणाऱ्या एका वर्गात मदतनीस म्हणून जाऊ लागली. वर्ग ठाण्याला होता. आता तीही धीमी लोकल पकडू लागली, बायकांच्या डब्यातून. त्या डब्यात भाजी निवडली जाते, भांडणे होतात, कोणाचे बाळ कोणाच्या मांडीवर असते, आणि उतरायचे ठिकाण जवळ आले की सगळ्या आधीच दाराकडे सरकतात. पहिल्या दिवशी आपा सरकली नाही आणि तिला उतरताच आले नाही. दुसऱ्या दिवशी एका काकूंनी तिचा हात धरून सांगितले, "कळवा गेले की उठायचे गं." तेव्हापासून त्या काकू तिच्यासाठी जागा धरतात. 'पुढील स्टेशन ठाणे' ही घोषणा ऐकू येण्याआधीच आता आपा उभी असते.

दुल्हाभाईंचा राग कधी गेला ते त्यांनाही आठवत नाही. मात्र एकदा दुकानातल्या एका सोबत्याची अनामत बुडाली. कागदावर निम्मीच रक्कम होती. त्या संध्याकाळी ते घरी आले, चहा प्यायले आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याच्या नव्या खोलीचा कागद उद्या घेऊन येतो. वाचून देशील?"

अकरा महिने संपत आले आहेत. शाळेला सुट्टी लागली आणि तुम्ही पहिल्यांदाच मुंब्र्याला आला आहात. कल्याणला फलक नीट पाहून धीम्या लोकलमध्ये बसलात, हे सांगायची गरज नाही. संध्याकाळची वेळ आहे. मास्तर नवा कागद देऊन गेले आहेत. खोली तीच, मुदत नवी, भाड्यात पाचशे रुपयांची वाढ. आपाचे हात कणकेने भरलेले आहेत. ती कोपराने कागद तुमच्याकडे सरकवते.

"तू वाच. मोठ्याने वाच. मी ऐकते," ती म्हणते.

तुम्ही कागद उचलता. सर्वांत वर तारीख आहे, तिच्याखाली मालकाचे नाव, आणि त्याच्याखाली दोन नावे.