उपनगरांतील वन्यजीवांचे छायाचित्रण

वन्यजीवांची छायाचित्रे घ्यावयाची तर दूरच्या अभयारण्यातच गेले पाहिजे, असा समज रूढ आहे. मुंबई उपनगरांपुरता तरी तो खरा नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. उद्यानाबाहेर, अंधेरी-घाटकोपरच्या वसाहतींतील झाडांवरही दयाळ, तांबट, शिंपी, बुलबुल, खार व सरडा आढळतात. नवशिक्याने याच परिचित जीवांपासून आरंभ करावा. ते रोज पाहता येतात आणि त्यांच्या सवयी ध्यानात येतात.

परिसर हाही चित्राचा विषय

संपूर्ण चौकट व्यापणाऱ्या पक्ष्याची ओळख पटते, पण तो कसा जगतो हे कळत नाही. खंड्याबरोबर त्याच्या बैठकीखालचे डबके दिसले, तर चित्राला अभ्यासमूल्य येते. मुंबईचे छायाचित्रकार नयन खानोलकर यांचे २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत नागरी वन्यजीव विभागात विजयी ठरलेले चित्र याची साक्ष देते. राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीतील बोळातून रात्री जाणारा बिबट्या त्यात आहे. प्राणी समोर येताच आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा त्यांनी अशा रीतीने बसविला की, बिबट्याइतकाच बोळही नजरेत भरावा. माणूस व बिबट्या यांचा शेजार त्यामुळेच चित्रात उतरला. नवशिक्याने मात्र बिबट्याच्या मागावर जाऊ नये.

वेळ आणि प्रकाश

सकाळचा तिरपा प्रकाश सौम्य असतो आणि पक्षीही त्या वेळी अन्नाच्या शोधात असतात. हिवाळा सरताना सावर, पांगारा व पळस फुलतात. अशा झाडापासून काही अंतरावर, सूर्य पाठीशी घेऊन स्थिर बसावे. पक्षी मधासाठी आपणहून येतात. सरडा किंवा फुलपाखरू टिपताना कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा एक हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी उघडझापेचा काळ ठेवावा.

ठाणे खाडीतील रोहित पक्षी ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. भांडुप-मुलुंडच्या बाजूने खाडी पूर्वेस येत असल्याने सकाळी सूर्य समोर असतो. तेथे दुपारनंतरची ओहोटी अधिक सोयीची. ही खाडी २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये तिचा रामसर यादीत समावेश झाला.

जिवाचे हित प्रथम

घरट्यासमोरची पाने दूर केली की चित्र स्पष्ट येते. परंतु त्याच पानांमुळे पिलांना सावली मिळते आणि कावळ्याच्या नजरेपासून आडोसाही मिळतो. चोचीत भक्ष्य असूनही पक्षी घरट्यात जात नसेल, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून तत्काळ मागे सरावे. ध्वनिमुद्रित आवाज ऐकविल्यास पक्षी चरणे सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा शोध घेत राहतो. छायाचित्रासाठी खाऊ घातलेली माकडे पुढे पर्यटकांच्या हातांतून पिशव्या ओढू लागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित क्षेत्रातील प्रवेश व छायाचित्रण यांवर नियंत्रण आहे. उद्यानाचे नियम आधी समजून घ्यावेत.

चित्रासोबत नोंद

प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ, स्थळ, झाडाचे नाव आणि जीव काय करीत होता, हे लिहून ठेवावे. आता भ्रमणध्वनीनेही असे काम होऊ शकते. उपनगरांत डबकी बुजतात, जुनी झाडे तुटतात आणि तेथील रहिवासी जीव मुकाट्याने नाहीसे होतात. एकाच आवाराची वर्षानुवर्षे घेतलेली साधी चित्रे तेथे कोण राहत होते याचा पुरावा ठरतात. पुढे त्या ठिकाणी झाड लावताना कोणते लावावे, हेही त्यांवरून ठरविता येते.