पिस्तूल घेण्याआधी

ह्यूस्टन

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "मामा, चारशे डॉलरच्या आत बसणारं, ऐन वेळी न अडकणारं एखादं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल सुचव" एवढंच तू विचारलंस. दोन नावं कळवून मोकळं होता आलं असतं, पण नुसत्या नावांवर तू दुकानात जाऊ नयेस असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. गल्लीत घरफोडी झाल्यापासून तुला रात्री झोप लागत नाही हे मी समजू शकतो. मागच्या दाराला चांगलं कुलूप, अंगणात दिवा आणि खिडक्यांना अलार्म हे आधी करून घे. त्यानंतरही पिस्तूल हवंसं वाटलं तर पुढचं वाच.

पहिली गोष्ट निखिलरावांची. तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे टेक्ससमध्ये परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला तुला अडचण नाही. ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, त्यात तुझा एलियन नंबर लिहायचा, मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तुझं नाव तपासतो. १९९८ पासून ही पद्धत आहे. बहुधा काही मिनिटांत होकार येतो, एखाद्याचं दोन-तीन दिवस लांबतं, त्याची काळजी करू नकोस. पण निखिलराव अजून एच-वन-बीवर आहेत, आणि त्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते आपल्याला लागू पडतात की नाही हे वकिलाने सांगायचं. कोर्ट ताबा फार व्यापक अर्थाने धरतं. पिस्तूल तुझ्या नावावर असलं तरी तिजोरीचा आकडा त्यांना ठाऊक असेल आणि हवी तेव्हा ती उघडता येत असेल, तर ते त्यांच्याही ताब्यात आहे असं ठरू शकतं. या गुन्ह्याला २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे आणि देशातून बाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार वेगळीच. म्हणून तिजोरी फक्त तुझ्या हाताने उघडेल अशी हवी, आणि रेंजवर "एकदा धरून बघतो" असं ते म्हणाले तरी नाही म्हणायचं. नवऱ्यापासून आकडा लपवणं तुम्हा दोघांनाही अवघड जाईल. एकदा शांतपणे बसून बोला, त्यांच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. मनाला पटत नसेल तर त्यांचं ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबा. मी तुझ्या जागी असतो तर थांबलो असतो.

आता पैशांचं. चारशे डॉलर नुसत्या पिस्तुलाला धरलेस तर हिशेब बरोबर आहे, सगळ्याला मिळून धरलेस तर चुकीचा. पन्नास काडतुसांचा खोका आजकाल साधारण तेरा ते पंधरा डॉलरला पडतो, आणि सुरुवातीलाच असे पाच-सहा खोके लागतील. कानांची झाकणं, डोळ्यांचा चष्मा, रेंजची फी, एका दिवसाचा प्राथमिक वर्ग आणि छोटी पोलादी तिजोरी हे सगळं धरलं की पिस्तुलाएवढाच खर्च आणखी होतो. तेव्हा पिस्तूल तीनशे-साडेतीनशेचं बघ आणि बाकीची सोय आधी बाजूला काढून ठेव. साडेपाचशेचं पिस्तूल घेऊन वर्षभर एकही गोळी न झाडणारी माणसं मी रेंजच्या दुकानात नेहमी बघतो, आणि त्यांच्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते.

काडतूस ९ एमएमचंच घे. १९०२ साली जर्मनीत गेऑर्ग लुगर यांनी ते आणलं. आज जगभरचं सैन्य आणि पोलीस तेच वापरतात, म्हणून ते सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळतं. कुणी .३८० सुचवेल. त्याचा धक्का कमी, हे खरं, पण काडतूस महाग आणि जोरही कमी. दुकानात .४० कॅलिबरची पोलिसांनी वापरून परत केलेली पिस्तुलं फार स्वस्तात दिसतील. एफबीआय २०१५ च्या सुमारास .४० सोडून ९ एमएमकडे परत वळली, पाठोपाठ कितीतरी पोलीस खाती वळली, आणि ती जुनी पिस्तुलं बाजारात आली. वस्तू दणकट आहे, पण धक्का जास्त आणि प्रत्येक खोक्याला जादा पैसे. सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. ९ एमएममध्ये पोलिसांचं वापरलेलं मिळालं तर मात्र जरूर बघ. असली पिस्तुलं वर्षानुवर्षं कमरेला राहिलेली असतात, बाहेरून घासलेली दिसतात, पण आतून फारशी झिजलेली नसतात.

बाई गिऱ्हाईक दिसलं की काउंटरवरचा माणूस हमखास मुठीत मावणारं पिस्तूल पुढे करतो. रूगरचं एलसीपी दहा औंसांहूनही हलकं आहे. पर्समध्ये छान बसतं, पण हलक्या पिस्तुलाचा सगळा धक्का तळहातावर येतो, पकडायला दोनच बोटं बसतात, नेम धरायची माशीसुद्धा नखाएवढी. असलं पिस्तूल नीट चालवायला सराईत हात लागतो. तुला ते घरात ठेवायचं आहे, तेव्हा मध्यम आकाराचं घे. मुठीवर तिन्ही बोटं बसली पाहिजेत आणि मनगट न वळवता तर्जनीचं पहिलं पेर चापावर पोहोचलं पाहिजे. तुझे हात ताईसारखे लहान आहेत, म्हणून ही दुसरी कसोटी दुकानात प्रत्येक पिस्तुलावर करून बघ.

नावं विचारलीस म्हणून सांगतो. ग्लॉक १९ हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव आहे आणि ते सार्थ आहे. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ साली ग्लॉक स्वीकारलं, तेव्हापासून त्याच्या साधेपणाची नक्कल सगळं जग करतं आहे. पण नवं घेतलंस तर तुझ्या चारशेत बसत नाही. रूगरचं सिक्युरिटी-९ बसतं, आणि माझी पहिली शिफारस तेच. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी मालिका थोडी वर जाते, पण सवलतीत सापडते. तिच्यातलं शील्ड ईझेड खास ज्यांना स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला जड जाते अशांसाठी बनवलेलं आहे. तुर्कस्तानच्या कॅनिकचा चाप फार सुरेख आहे. ब्राझीलच्या टॉरसचं जी२सी अडीचशे-तीनशेला मिळतं आणि पुष्कळांचं उत्तम चालतं. या कंपनीच्या काही जुन्या मॉडेलांबाबत, पडल्यावर गोळी सुटते अशा तक्रारींवरून, अमेरिकन कोर्टात मोठी तडजोड झाली होती. म्हणून वापरलेलं जुनं टॉरस घेऊ नकोस. सगळ्यात स्वस्त हाय-पॉइंट. त्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवण्याची यंत्रणा नाही, नुसत्या स्लाइडच्या वजनावर धक्का पेलायचा असतो, म्हणून जस्ताच्या मिश्रधातूची जाडजूड स्लाइड दिली आहे. ते चालतं, कंपनी हमीही देते, पण स्लाइड ओढताना तुझी दमछाक होईल.

सिक्युरिटी-९ आणि एम अँड पी मी पुढे करतो त्याला एक कारण आहे, आणि ते दुकानदार सहसा सांगत नाही. ग्लॉक, कॅनिक, टॉरस यांसारखी बरीच पिस्तुलं साफसफाईसाठी उघडताना आधी चाप दाबावा लागतो. पिस्तूल रिकामं असेल तर काही बिघडत नाही. पण मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असा नवख्या माणसाचा पक्का समज असतो, आणि नळीच्या मागच्या घरात एक काडतूस तसंच बसलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर साफसफाई करताना गोळी सुटते ती अशी. मी म्हणतो त्या दोन्हींत चाप न दाबता स्लाइड काढता येते. तरीही सवय एकच ठेवायची: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड तीनदा मागे ओढून अडकवायची, आत डोळ्यांनी बघायचं, करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला, आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर तू स्वतःच्या हाताने नवं काडतूस आत भरलेलं असतंस. चापावर बोट नेम धरून गोळी झाडायची ठरल्यावरच जायचं, एरवी ते बाजूला चौकटीवर सरळ टेकलेलं. नळी कधीही अशा दिशेला नको जिथे गोळी गेलेली तुला चालणार नाही. अमेरिकन घरांच्या भिंती जिप्समच्या पातळ पाट्यांच्या असतात. ९ एमएमची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते, आणि तुझ्या खोलीला लागून सईची खोली आहे. घरासाठी होलो-पॉइंट काडतूस ठेवायला सांगतो ते यासाठी. ती गोळी मऊ लक्ष्यात पसरते आणि पलीकडे जाण्याचा धोका कमी होतो. कमी होतो म्हणालो, नाहीसा होत नाही.

भरवसा कंपनीच्या नावावरून ठरवू नकोस. तो तुझ्या हातातल्या त्या एका पिस्तुलाचा, तुझ्या मॅगझिनांचा आणि तुझ्या काडतुसांचा असतो. नवं पिस्तूल आणलं की पुसून, तेलाचा थेंब देऊन रेंजवर ने. ११५ ग्रेनच्या साध्या गोळ्या दोनशे झाड, मग घरात ठेवणार ते होलो-पॉइंट पन्नास. महाग पडतं, पण यात काटकसर करू नकोस. दोन्ही मॅगझिनांच्या तळाला पांढऱ्या रंगाने १ आणि २ लिही. अडकलं की वहीत टिपून ठेव: कोणतं मॅगझिन, कितवी गोळी, काय झालं. रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली, की नवं काडतूस नळीत शिरता शिरता तिरकं झालं? दरवेळी २ नंबरच्या मॅगझिनमध्येच होत असेल तर पिस्तुलाला दोष नाही, मॅगझिनची स्प्रिंग किंवा वरचे ओठ वाकडे असतात, ते बदलून टाक. सगळ्यांत होत असेल तर रेंजवरच्या शिक्षकाला तेच पिस्तूल झाडायला दे. त्याच्या हातात सुरळीत चाललं तर तुझं मनगट सैल पडतंय. स्लाइडला मागे जाताना खालची चौकट घट्ट धरलेली लागते, नाहीतर तिचा जोर वाया जातो. आणि त्याच्याही हातात अडकलं तर सरळ कंपनीकडे परत पाठव. होलो-पॉइंटच्या पन्नासात एकदाही अडकलं, तर ते काडतूस बदलून पन्नास पुन्हा मोज.

तिजोरीच्या बाबतीत मी ऐकून घेणार नाही. सई दोन वर्षांची आहे. ड्रॉवर, कपाटाचा वरचा खण, गादीखाली हे सगळे लपवण्याचे प्रकार झाले, आणि मुलं लपवलेलं शोधतात. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे. तिजोरी पलंगाच्या चौकटीला बोल्टने आवळून बसव. आणखी एक गोष्ट नीट ऐक. २०२१ साली या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतली २६,३२८ स्वतःच्या हाताने. चोरापेक्षा घरातल्या माणसाच्या एका वाईट रात्रीला मी जास्त भितो. तुझ्या मनाला, निखिलरावांच्या मनाला, घरी राहायला आलेल्या कुणाच्याही मनाला उतरती कळा लागलीशी वाटली, तर त्याच दिवशी मला फोन कर. मी गाडी काढून येईन आणि पिस्तूल इकडे घेऊन येईन. कारण विचारणार नाही. ताई सुट्टीत येईल तेव्हा तिलाही घरात काय आहे ते सांग.

रेंजची बॅग वेगळी ठेव आणि ती कधीही भारतात नेऊ नकोस. अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, मग सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात. रेंजवरून आल्यावर गार पाण्याने साबण लावून हात-तोंड धू, कपडे बदल, मग सईला उचल. बारुदाच्या धुरात शिसं असतं.

पुढच्या महिन्यात मी डॅलसला येणार आहे. शनिवारी सकाळी फ्रिस्कोजवळच्या रेंजवर जाऊ. माझं एम अँड पी आणतो, सिक्युरिटी-९ आणि ईझेड तिथे भाड्याने मिळतात का ते आधी फोन करून विचारून ठेव. बंद बूट घाल, केस बांध आणि गळाबंद टी-शर्ट घाल, गरम पुंगळी गळ्यात पडली की माणूस पिस्तूल हातात असतानाच उडी मारतो. सईला निखिलरावांकडे घरीच ठेव. तिन्ही पिस्तुलांच्या पन्नास-पन्नास गोळ्या तुझ्या हातून झाडून झाल्या की तिथेच ठरवू. तोवर कुठल्याही दुकानात पैसे भरू नकोस.

तुझा,
मामा