चाकांची खुर्ची आणि शाळेची वाट



आपले पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. घाटावरून माल घेऊन उतरलेले गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी नेत, असे जुन्या सरकारी गॅझेटियरात नमूद आहे. ज्या सुताराचे चाक बोरघाट चढून जावयाचे, त्याला रस्त्याची जाण नसती तर त्याचे चाक खपलेच नसते. ही जुनी गोष्ट आठवण्यास एक निराळेच निमित्त घडले.

काही वर्षांपूर्वी माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीवरील शाळेस भेट दिली, तेव्हा दुसरीतील एक मुलगी पटावर असूनही अनुपस्थित आढळली. तिला पायांनी चालता येत नव्हते. “तिला तर व्हीलचेअर मिळाली आहे,” असे गुरुजी म्हणाले. आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. खुर्ची पडवीत होती आणि तिच्यावर भाताचे पोते ठेवलेले होते. ती एका शिबिरात हारतुऱ्यांसह मिळालेली, पण मोठ्या माणसाच्या मापाची होती. मुलगी बसली की दोन्ही बाजूंस वीतवीतभर जागा उरे, पाय लोंबत राहत आणि हात चाकाच्या कडीपर्यंत पोहोचत नसत. पुढची चाके इतकी लहान की अंगणातल्या खडीतच रुतत. आई म्हणाली, “साहेब, कडेवर नेलेली बरी. पण आता ती जड झाली.” दात्याने दान दिले, आम्ही लाभार्थ्यांच्या यादीत नाव लिहिले आणि मूल घरीच राहिले. त्या यादीवर सही माझी होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

दात्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मोरोक्को देशात एक स्त्री धुळीतून सरपटत रस्ता ओलांडताना डॉन शेंडॉर्फर या अमेरिकी अभियंत्याने पाहिली. पुढे २००१ साली त्याने बागेतील साध्या प्लास्टिकच्या खुर्चीस सायकलची चाके जोडून स्वस्त व्हीलचेअर सिद्ध केली व ती विनामूल्य वाटण्यासाठी संस्था काढली. जगभर, आपल्या देशातही, अशा लाखो खुर्च्या पोहोचल्या. तथापि सर्वांना एकच माप पुरत नाही, हे लक्षात आल्यावर त्या संस्थेनेही मापे बदलता येणाऱ्या खुर्च्या काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेचे सांगणेही हेच आहे : खुर्ची बसणाऱ्याच्या शरीरास व त्याच्या परिसरास अनुरूप असावी आणि तिची दुरुस्ती त्याच देशात, परवडेल अशा खर्चात व्हावी.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचा परिचय वरच्या वर्गांना अवश्य करून द्यावा. सोळाव्या वर्षी त्यांचे पाय निकामी झाले. १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ असे आहे.

आता मापांविषयी. अंतिम मोजणी तज्ज्ञांनीच करावयाची आहे, परंतु मागणीपत्रासोबत आपली मापे गेली तर निदान सहा वर्षांच्या मुलास साठ वर्षांच्या माणसाची खुर्ची येणार नाही. मुलास सपाट, कठीण बाकावर शक्य तितके ताठ बसवावे आणि शिंप्याची टेप घ्यावी. बसल्यावर कमरेखालची जी सर्वांत जास्त रुंदी भरेल, तीच आसनाची रुंदी. पाठीमागच्या टोकापासून गुडघ्यामागील खळगीपर्यंतची लांबी घेऊन तीतून दोनतीन बोटे वजा केली की आसनाची खोली मिळते. खळगीपासून टाचेपर्यंतच्या अंतरावरून पायटेकणीची उंची ठरते. “अंग वाढते आहे, थोडी मोठीच घ्या,” हा विचार झग्यास चालतो, खुर्चीस चालत नाही. सैल खुर्चीत मूल एका बाजूस कलते व हळूहळू पाठीचा कणाही तसाच वळू लागतो.

ज्या मुलांना कमरेखाली संवेदना नसते, त्यांच्याविषयी विशेष सावध असावे. आपण बसल्या जागी नकळत हालतो, ते मूल हालत नाही. कातडी दबून लाल होते, मग जखम होते, आणि वेदना नसल्यामुळे ती कोणास कळत नाही. खुर्चीसोबत योग्य गादी मागावी. प्रत्येक तासिकेत एकदोनदा मुलास पुढे व बाजूस वाकावयास सांगावे. घरी आईने रोज कातडी पाहावी आणि लाली उतरत नसेल तर विलंब न करता डॉक्टरांस दाखवावे.

वाटेचा प्रश्न याहून अवघड आहे. कोकणातला पाऊस, निसरडी लाल माती, बांधावरची पायवाट यांतून कोणतीच खुर्ची सहज जात नाही. यासाठी घरापासून शाळेपर्यंतची वाट शिक्षकाने एकदा स्वतः चालून, कोठे मुरूम टाकावयाचा ते ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. शाळेत अडथळाविरहित प्रवेश असावा, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. रॅम्पचे प्रमाण एकास बारा असावे. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५४० सेंटिमीटर लांब हवा. पाचवीच्या वर्गास हे उदाहरण फळ्यावर न देता पायरीशी नेऊन द्यावे. मुलेच मोजतील आणि आपला रॅम्प किती आखूड आहे तेही सांगतील. मी पाहिलेल्या काही रॅम्पांच्या तोंडाशी तर गटार होते!

पंक्चर, सैल बोल्ट, गंजलेली कडी ही कामे गावचा सायकलवाला करू शकतो. म्हणून खुर्ची स्वीकारण्यापूर्वी तिच्या चाकाची ट्यूब आपल्या बाजारात मिळते काय, एवढे दात्यास विचारण्यास संकोच करू नये. समग्र शिक्षा अभियानाच्या तपासणी शिबिरास विशेष शिक्षकांमार्फत मुलाचे नाव वेळेवर पाठवावे.

त्या मुलीस पुढे अशाच शिबिरातून तिच्या मापाची खुर्ची मिळाली. पुढची चाके जरा मोठी आहेत. पावसाळ्यात वाडीच्या उतारावर तिला अजूनही दोन वर्गमित्र मागून धरतात. या जूनमध्ये ती चौथीत गेली. पुन्हा माप घेतले तेव्हा आसन तीन सेंटिमीटरांनी अपुरे भरले. नवे मागणीपत्र पाठविले आहे. जुनी खुर्ची शेजारच्या केंद्रातील पहिलीच्या एका मुलास बसते काय, हे येत्या सोमवारी त्याचे माप घेऊन पाहावयाचे आहे.