शांत रस्ता, रिकामी बाटली

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. दरेकसाहून आमगावकडे परतताना, जंगलातल्या रस्त्यावर, माझ्या अंगाला येणारा घाम थांबला. आधी वाटलं, वारा सुटला म्हणून अंग कोरडं झालं. मग दंडावर काटा आला. ऊन 42 अंशांचं आणि मला थंडी वाजत होती. सायकल हातात धरून मी चालत होतो, कारण पुढचं चाक बसलं होतं. पाण्याची एकुलती बाटली तासाभरापूर्वी संपली होती. मोबाईलला रेंज नव्हती. गेल्या अर्ध्या तासात त्या रस्त्यावरून एकही गाडी गेली नव्हती.

याच शांततेसाठी मी तो रस्ता निवडला होता.

आमगावात सायकल चालवणाऱ्याला मोठा रस्ता नकोसा होतो. गोंदियाहून आमगाव, साखरीटोला करत देवरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 543 ट्रकांचा. धानाची पोती भरलेला ट्रक शेजारून गेला की हँडल आपोआप डावीकडे वळतं. म्हणून आम्ही गावं जोडणारे रस्ते धरतो. पदमपूर, बनगाव, किडंगीपार ही जवळची गावं. पूर्वेला सालेकसा, त्यापुढे दरेकसा आणि हाजरा धबधबा. आमगावाभोवती धानाच्या बांध्या पसरलेल्या, मग जमीन हळूहळू उचलत जाते, चढ-उतार सुरू होतात आणि साल, मोह, पळसाचं रान लागतं. रेल्वेनेही हीच दिशा धरली आहे, त्यामुळे वाट चुकण्याची भीती फारशी नाही. दरेकसापर्यंत जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. हिवाळ्यात हे अंतर मी कितीदा तरी सहज कापलं होतं. एप्रिलमध्येही तसंच कापता येईल, हे मी धरून चाललो. पहिली चूक ती.

दुसरी चूक पाण्याची, आणि तिच्यामागे माझं वाचन होतं. इंग्लंडच्या दक्षिणेला साउथ डाउन्स नावाच्या खडूच्या टेकड्या आहेत. तिथल्या सायकलवाल्यांनी लिहिलेलं वाचतच मी रस्ते निवडायला शिकलो. ओझं कमी ठेवा, पाणी वाटेत भरा, असं ते सांगतात, आणि त्यांच्या मुलखात ते खरं आहे. खडू पाऊस पिऊन घेतो, पोटात साठवतो आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांतून सोडत राहतो. त्या झऱ्यांच्या ओळीनेच तिथली जुनी गावं वसली. आमच्या पायाखाली मात्र आमगाव नाईस आहे. या खडकाला हे नाव आपल्या गावावरून पडलं, याचा मला अभिमान वाटतो. हा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना मानला जातो. तो कठीण आहे, आणि भेगा सोडल्या तर पाणी आत घेत नाही. पाऊस वरच्या वर वाहून जातो. म्हणून तर पूर्वजांनी जागोजाग तलाव बांधले, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, मालगुजारीच्या काळातले. खडकातल्या भेगांत मुरलेलं थोडंसं पाणी उन्हाळ्यापर्यंत खाली जातं. वाटेतल्या एका बोरिंगवर, म्हणजे हातपंपावर, मी भरवसा ठेवला होता. दहा मिनिटं दांडा मारला. आधी खडखड आवाज, मग गढूळ पाण्याची एक गुळणी, मग काही नाही.

तिसरी चूक सगळ्यांत साधी, आणि तीच सगळ्यांत जास्त वेळ खाऊन गेली. धान निघालं की शेतकरी उन्हाळी धानाला, वाडीला काट्याचं कुंपण घालतात. बाभळीच्या फांद्या गाडीवरून नेताना रस्त्यावर काटे गळतात. असा एक काटा माझ्या पुढच्या टायरमध्ये शिरला. माझ्याकडे जास्तीची ट्यूब होती. उन्हात घाईघाईने जुनी काढली, नवी घातली, हवा भरली, निघालो. दोन-तीनशे मीटरवर नवीही बसली. काटा टायरमध्येच राहिला होता, आतून टोक काढून. टायरच्या आतून बोट फिरवून पाहायला अर्धं मिनिट लागतं. ते मी दिलं नाही.

पंक्चर जोडायचं सामान घरी होतं. त्यामुळे मी चालत निघालो, आणि इथे चौथी चूक झाली. मी सावलीत थांबायला हवं होतं. ऊन वर चढत असताना डोक्यात एकच विचार घोळत होता: अजून थोडं, पुढे गाव आहे. ऊन लागलेल्या माणसाचा विचार असाच अडकतो, हे मला नंतर कळलं. मी चालत होतो आणि चालण्याचा निर्णय आपण घेतलेला नाही, हे मला कळत नव्हतं.

मोहाच्या एका झाडाखाली दोन बायका आणि एक म्हातारी टोपल्यांत मोहफुलं गोळा करत होत्या. मला पाहून म्हातारी उठली. तिने सायकलचं हँडल धरलं आणि म्हणाली, "बस गा भाऊ सावलीत. आधी पेज पी, मंग बोल." मी काही बोललोच नव्हतो, निदान मला तसं आठवतं. दुसरीने लुगड्याचा पदर ओला करून माझ्या मानेवर, डोक्यावर ठेवला. जर्मनच्या डब्यात तांदळाची पेज होती, मीठ घातलेली. घोट घोट करत मी ती प्यायलो. पाऊण तासाने घाम पुन्हा फुटला, आणि त्या म्हातारीला मी म्हटलं की डबा तर तुमच्या दुपारच्या जेवणाचा होता. तिने हात झटकला आणि पुन्हा फुलं वेचायला गेली.

पेजेत तांदळाचं पिठूळ, मीठ आणि पाणी असतं. ऊन लागलेल्या शरीराला नेमकं हेच लागतं. आपल्या भागातल्या बायका मजुरीला जाताना नुसत्या पाण्यावर जात नाहीत, पेज घेऊन जातात. मी आयुष्यभर हे पाहत होतो आणि सायकलवर मात्र नुसतं पाणी, तेही एक बाटली, घेऊन निघालो होतो.

तेव्हापासून मी जे पाळतो, ते इथे लिहितो. मार्चच्या मध्यापासून जूनचा पाऊस येईपर्यंत आमगावच्या पूर्वेला सायकल नेऊ नका. न्यायचीच असेल तर दहाच्या आत घरात या आणि अर्धं पाणी परतीसाठी राखा. दोन बाटल्या कमीत कमी, एकीत पेज किंवा मीठ-साखरेचं पाणी. एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ यापेक्षा जास्त नको. सोबत्याचं बोलणं अडखळायला लागलं, तो चिडचिडा झाला, पाय वाकडा पडू लागला, तर तिथेच थांबवा. घाम थांबेलच असं नाही. मेहनत करताना ऊन लागलेल्याला घाम येत असतानाही ते जिवावर बेतू शकतं. सावली, ओलं कापड मानेवर आणि काखेत, वारा, आणि लगेच दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

सायकलचं म्हणाल तर आपल्या रस्त्यांवर अगदी बारीक टायर लावू नका. 32 मिलिमीटर किंवा त्याहून जाड टायरने वेग थोडा कमी होतो, पण डांबर संपून मुरूम लागला तरी हात थरथरत नाहीत. दोन ट्यूबा, जोडायचं सामान, लहान पंप. काही नव्या सायकलींच्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. त्यावर लावायची पितळी टोपी सायकलच्या दुकानात मिळते. ती बाटलीच्या बुडाला चिकटपट्टीने लावून ठेवा. आणि घरी कागदावर लिहून ठेवा: कुठल्या रस्त्याने, कितीला परत. त्या दिवशी घरी सगळ्यांना मी पदमपूरला गेलोय असंच वाटत होतं.

पदमपूर जवळचं. विदर्भातलं पद्मपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचं गाव, आणि ते पद्मपूर म्हणजे हेच, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे. नव्याने सायकल हाती घेतलेल्याने सुरुवात या बाजूने करावी. वस्ती कुठेच फार लांब नाही. दरेकसा आणि त्याच्या जवळचं कचारगड, इकडचे रस्ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखा. त्यातही माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. यात्रेला जरूर जा, पण सायकलच्या शांततेसाठी ते दिवस नव्हेत. पायी चालणाऱ्या भाविकांना रस्ता मोकळा द्यावा. सालेकसा हा नक्षलग्रस्त तालुका म्हणून ओळखला गेला आहे. मुख्य रस्ता सोडून आडवाटेला शिरण्याआधी जवळच्या गावात विचारा.

उजाडण्याआधी जंगलात शिरू नका. थंड हवा मिळते म्हणून मीही पूर्वी पहाटे चारला निघत असे. मोहाच्या दिवसांत फुलं रात्री आणि पहाटे गळतात, आणि ती खायला अस्वलं येतात. सायकलचा आवाज होत नाही. अस्वलाला आपण एकदम जवळ गेल्यावरच कळतो, आणि दचकलेलं अस्वल पळण्याआधी अंगावर येतं. वळणावर घंटी वाजवत चला. फुलं वेचण्यासाठी मोहाच्या झाडाखाली पाला जाळून जागा साफ केलेली असते. धूर रस्त्यावर आला तर तो विरेपर्यंत थांबा.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला जागा नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर सायकल उतरवू नका, घोट्याएवढं दिसलं तरी. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी चाकांनी बांधीतून थेट डांबरावर येतात आणि मागे चिखलाची ढेकळं टाकतात. पाऊस पडला की ती साबणासारखी होतात. तिथे ब्रेक दाबू नका, आधीच हळू व्हा. महाराष्ट्रात उरलेले सारस मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यातच आहेत आणि याच काळात ते धानात घरटं करतात. जोडी दिसली तर रस्त्यावरूनच पाहा. धुऱ्यावर उतरून जवळ जाऊ नका.

उरतो तो सगळ्यांत सुंदर काळ, दिवाळीच्या आगेमागे. हलकं धान निघालेलं, भारी पिवळं पडलेलं, सकाळी धुकं. याच दिवसांत गावाजवळच्या शांत रस्त्यांवर धान वाळत घातलेलं असतं, कधी अर्ध्या रुंदीवर, कडेने दगड मांडलेले. त्यावरून चाक गेलं तर ते घसरतं. माझ्या ओळखीच्या एकाचं मनगट असंच मोडलं. तणस असेल तर ती गिअरमध्ये गुंडाळून साखळी अडकवते. काहीजण रागावतात की रस्ता काय वाळवणासाठी आहे का. शेतकऱ्याकडे तेवढं मोठं खळं नसतं, आणि ओलं धान खरेदी केंद्रावर घेत नाहीत. तिथे सायकलवरून उतरा, ती हातात धरा आणि कडेने चालत जा. पन्नास पावलंसुद्धा होत नाहीत. त्या म्हातारीसारखी कुणी बाई फडा घेऊन तिथे बसलेली असेल, तिला रामराम करा.