ओडी म्हणजे एकदाच?

आजीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात या विषयातलं 'शिकलेलं माणूस' मीच, त्यामुळे औषधांचा कागद आपसूक माझ्या हातात आला. थेंबांच्या नावापुढे 'ओडी' अशी दोन अक्षरं होती आणि खालच्या ओळीत काहीतरी गिचमिड. ओडी मला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं : दिवसातून एकदा. खालची ओळ दुसऱ्या बाटलीची असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

"अगं, डॉक्टर दोन-दोन तासांनी म्हणाले होते," आजी म्हणाली.

"आजी, कागदावर ओडी लिहिलंय. मी हेच शिकतेय ना!"

आजी गप्प बसली. दोन दिवस तिच्या डोळ्यात रोज एकच थेंब पडला. तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद, सारखं पाणी. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं, "हे ओडी म्हणजे ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. किती वेळा घालायचं ते खाली लिहिलंय." डोळा पुढे निवळला, पण मी कित्येक दिवस आजीच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

आज मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. लघुरूपं पाठ करायच्या युक्त्या मी त्यांना भरपूर देते, कारण युक्तीशिवाय ही अक्षरं डोक्यात टिकत नाहीत. फक्त युक्ती आपल्या भाषेतली हवी. 'एसी' म्हणजे अगोदर, चपातीच्या अगोदर; 'पीसी' म्हणजे पश्चात, चपातीच्या पश्चात. 'एचएस' म्हणजे हांथरुणात शिरताना. 'एसओएस' म्हणजे सोसत नसेल तरच. 'टीडीएस'मधला टी तीनचा. 'बीडी' म्हटलं की वर्गात हशा पिकतो, कुणीतरी हमखास काडेपेटी मागतं, आणि बी हे दुसरं अक्षर म्हणून 'दोनदा' कायमचं लक्षात राहतं.

ही अक्षरं लॅटिन भाषेतली आहेत, आणि लॅटिन आपल्या संस्कृतची लांबची बहीण. बीडीतला 'बिस' म्हणजे द्विस्, टीडीएसमधला 'तेर' म्हणजे त्रिस्, दिवसातून चारदा सांगणाऱ्या क्यूआयडीतला 'क्वाटेर' म्हणजे चतुस्. त्यांच्यातला डी आपल्या दिवसाचा भाऊबंद. एचएसमधला 'सोम्नी' आणि आपलं स्वप्न एकाच मुळातून आलेले. आणि माझी फजिती करणारा 'डेक्स्टर'? तो दक्षिणचा नातलग. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा. हे त्या वेळी माहीत असतं, तर ओडीला दोन अर्थ आहेत याची निदान शंका तरी आली असती.

रोमन आकड्यांचंही असंच. पाचवीत ते शिकताना वाटतं, घड्याळापलीकडे यांचा उपयोग काय? नर्सिंगला आल्यावर मेंदूतून निघणाऱ्या १२ नसा आणि रक्त गोठवणारे घटक याच आकड्यांत समोर उभे राहतात. व्ही म्हणजे पंजा : अंगठा एकीकडे, चार बोटं दुसरीकडे. एक्स म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन पंजे. सी म्हणजे सेंच्युरी, एम म्हणजे मिलेनियम. मधले एल ५० आणि डी ५०० तेवढे घोकायचे. बेरीज-वजाबाकीसाठी माझं एक वाक्य आहे : 'उजवं देतं, डावं नेतं.' लहान चिन्ह उजवीकडे असेल तर मिळवा, डावीकडे असेल तर वजा करा. एक्सएल ४०, एलएक्स ६०. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाची कमतरता म्हणजे हिमोफिलिया ए, नवव्याची म्हणजे हिमोफिलिया बी. व्हीआयआयआय आणि आयएक्स वाचताना गफलत झाली, तर आजारच बदलतो.

तोंडी परीक्षेत मी चौथ्या नसेला 'आयव्ही नर्व्ह' म्हणाले होते. बाई म्हणाल्या, "शिरेतून देणार का ती?" तेव्हा मीही हसले. पण वॉर्डात आयव्ही म्हणजे शिरेतून, आणि इंटरनॅशनल युनिटचं 'आययू' घाईच्या अक्षरात हुबेहूब आयव्ही दिसतं, कधी चक्क १० दिसतं. इन्शुलिनच्या १० पुढचा 'यू' शून्यासारखा निघाला, तर १० चे १०० होतात. इथे कुठलीच युक्ती कामाला येत नाही.

म्हणून माझ्या मुलींना चार गोष्टी सांगते. एक, लघुरूप एकटं पाठ करू नका. ते आणखी कुठे, कोणत्या अर्थाने येतं तेही त्याच्या शेजारी लिहा. दोन, वाचता येईल ते वापरा, पण स्वतः लिहिताना 'युनिट', 'उजवा डोळा', 'दिवसातून एकदा' असं पूर्ण लिहा. घरच्यांसाठी तर सकाळ, दुपार, रात्र असंच. तीन, अर्थ लागत नसेल तर लिहिणाऱ्यालाच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि जिथे अर्थ अगदी सहज लागतो, तिथे दुसऱ्यांदा वाचा. गिचमिड ओळीशी मी अडखळले, पण चुकले ते स्वच्छ लिहिलेल्या दोन अक्षरांवर.

चौथी गोष्ट आजीने शिकवली. कुणाच्याही हातातला कागद घेण्याआधी मी विचारते, "डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत कागदाकडे बघत नाही.