यंत्र ठेवावे की काढावे?

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 1:1-16, 1 राजे 19:1-8, योहान 19:25-30

बीदर जिल्ह्यातील आमच्या मेहकरसारख्या गावातून अत्यवस्थ माणसाला भालकी, बीदर, नाहीतर थेट हैदराबादेस न्यावे लागते. तेथे श्वासयंत्र लागते. दिवस जातात, पैसा संपतो, आणि एके सकाळी डॉक्टर विचारतात, "यंत्र चालू ठेवायचे का?" पुढे दफनविधी होतो, माणसे पांगतात, पण मुलाच्या मनात एक शल्य उरते : "बापाला मीच मारले काय?" हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून तो या पाठात घेत आहोत.

शास्त्र काय दाखविते? एका अमालेकी तरुणाने दाविदाला सांगितले की, घायाळ शौलाने विनविले म्हणून आपण त्याला ठार केले. दाविदाने ही सबब मानली नाही. एलीयाने स्वतःच मरण मागितले. देवाने त्याला मरण दिले नाही, रागेही भरला नाही. झोप, भाकर आणि पाणी दिले. प्रभु येशूने मात्र, कार्य पूर्ण झाल्यावर, आईची सोय लावून प्राण पित्याच्या स्वाधीन केला. यावरून आम्ही दोन गोष्टी शिकतो. जीव घेणे आपल्या हाती नाही. आणि वेळ आली असता जीव कवटाळून बसणे हाही विश्वास नव्हे.

आता आपल्या देशातील एक उदाहरण पाहू. कर्नाटकातील हळदीपूरच्या अरुणा शानभाग मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तेथील एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूस इजा झाली व त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांचे अन्न थांबवावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला; 7 मार्च 2011 रोजी तो फेटाळला गेला. अरुणाताई यंत्रावर नव्हत्या, श्वास स्वतः घेत होत्या, आणि वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या परिचारिकांना ती पुढेही करावयाची होती. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

येथे फरक ध्यानात घ्यावा. अरुणाताईंचे अन्न तोडले असते तर उपासमारीने मरण आले असते. पण ज्याचा देह परतण्यापलीकडे गेला आहे, त्याचे यंत्र काढल्यावर त्याला रोग नेतो, मुलगा नव्हे. सुई देऊन मारणे निराळे. तो भारतात आजही गुन्हा आहे. यंत्र काढण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी नियम घालून परवानगी दिली व 24 जानेवारी 2023 रोजी ते नियम सोपे केले. तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करतात. कुटुंबाची संमती लागते. शुद्धीत असताना दोन साक्षीदारांसमक्ष, नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे आपली इच्छा लिहून ठेवता येते. कर्नाटक सरकारनेही जानेवारी 2025 मध्ये याविषयी परिपत्रक काढले.

परंतु एक गोष्ट कायदा सांगत नाही. रोगी बरा होण्याजोगा असताना केवळ पैसा संपला म्हणून यंत्र निघाले, तर तो दोष एकट्या मुलाचा कसा? मंडळीची थैली त्या दिवशी कोठे होती? आणि यंत्र निघाले म्हणजे सेवा संपली असे नाही. वेदना शमविणारे औषध, ओठांवर पाण्याचा थेंब, हातात हात व प्रार्थना हे शेवटच्या श्वासापर्यंत चालू राहावे. एलीयाला देवाने हेच दिले होते.

ज्या मुलाच्या मनात ते शल्य आहे, त्याला आम्ही सांगू : परतण्यापलीकडे गेलेल्या बापाला तू घरी आणलेस, तू त्याला मारले नाहीस, पित्याच्या हाती सोपविलेस.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपली इच्छा आपण घरच्यांना सांगितली आहे काय?
2. रुग्णाच्या खर्चासाठी आपल्या मंडळीत काय तरतूद आहे?
3. अशा घरी दफनानंतरच्या महिन्यात कोण जाते?